भरोशाची इस्त्री

"आधी ही नीट बसती का बगू," म्हणत सकिनाबीनं इस्त्री दुकानाच्या फळीवर ठेवली आणि तिच्या टोकावर अंगठा दाबला. इस्त्रीची मागची बाजू उचलली गेली. अंगठा काढल्यावर ती खट्कन खाली आली. "तळ सरळ न्हाय, डुलती. ही कापडावर फिरंल का कापडाला गोंजारंल? दुसरी दावा."

सोलापूरच्या त्या दुकानात ती सकाळपासून हेच करत होती. दुकानदार गुरुसिद्धप्पा कोळशाच्या इस्त्र्या काढून मांडत होता आणि सकिनाबी एकेक नापास करत होती. एकीचं झाकण घट्ट बसत नव्हतं, म्हणजे ठिणगी उडणार. दुसरीची मूठ कच्च्या लाकडाची, म्हणजे उन्हाळा संपायच्या आत तडकणार. तिसरीला वारा जायला भोकं होती, पण ती इतकी बारीक की आतला निखारा गुदमरून मरावा. चौथी तिनं नुसती उचलली आणि खाली ठेवली. पत्र्याच्या डब्याला मूठ लावून तो इस्त्री म्हणून विकणाऱ्या माणसाशी काय बोलायचं?

"बाई, तुम्ही इस्त्री घ्यायला आलात का सून बघायला?" गुरुसिद्धप्पा वैतागून म्हणाला.

"सून वाईट निघाली तर माहेरी धाडता येती," सकिनाबी म्हणाली. "हिनं कापड जाळलं तर तुमी परत घेनार हाय का?"

शेजारी खुर्चीवर मथुराबाई बसल्या होत्या. या नळदुर्गच्या महिला शिवणकाम सहकारी संस्थेच्या अध्यक्ष. संस्था काढली त्यांच्या यजमानांनी, म्हणजे नानासाहेबांनी. भाषणं करत तेही नानासाहेबच. आणि ते बोट दाखवतील तिथं सही करत त्या मथुराबाई. त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. सकिनाबीला त्याचं नवल नव्हतं. दूध संस्थेच्या अध्यक्षाच्या दारात तरी म्हैस कुठं होती?

लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. बोरी नदीच्या पात्रात लोक झिरे खणून वाटीनं पाणी भरत होते आणि अर्धं गाव पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होतं. त्यातल्या ज्या बायकांना सुई धरता येत होती त्यांना सावलीत बसून काम मिळावं म्हणून ही संस्था. वसतिगृहातल्या पोरांसाठी वाकळी शिवायच्या होत्या. गोधडीला त्या भागात वाकळ म्हणतात. जिल्ह्याहून साहेब येऊन नमुन्याची एक वाकळ बघणार होते. ती पसंत पडली तर बायकांना वर्षभर काम, नाही पडली तर पुन्हा हातोडी आणि ऊन. वाकळीसाठी सोलापूरच्या गिरणीतून कापडाचे तुकडे येत ते गठ्ठ्यात दाबून, चुरगळून. शिवून झाल्यावर वाकळीवर इस्त्री फिरवून शिवण बसवली नाही, तर त्या सुरकुत्यांचे पहिल्याच धुण्यात फुगे होतात. म्हणून इस्त्री हवी होती, आणि इस्त्रीतलं कळतं म्हणून सकिनाबीला बरोबर आणलं होतं.

"ती कोपऱ्यातली चकचकीत कशाची ओ?" मथुराबाईंनी विचारलं.

गुरुसिद्धप्पाच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच तेज आलं. "विजेची. कोळसा नको, राख नको, धूर नको. बटन फिरवलं की झालं."

"आनि वीज?" सकिनाबी म्हणाली. "ती बी खोक्यात भरून देताव का? आमच्या गावात बल्ब लागला का न्हाय ते काडी वडून बघावं लागतंय."

"सकिनाबी, जरा जमान्याबरोबर चालावं माणसानं," मथुराबाई म्हणाल्या. "साहेब येणार. त्यांच्यापुढं काय राख उडवायची?"

विजेची इस्त्री बांधली गेली. सल्ल्याला माणूस बरोबर न्यायचा आणि त्याचा सल्ला दुकानातच ठेवून यायचं, ही मोठ्या घरची रीत सकिनाबीला नवी नव्हती. परतीच्या एस.टी.त मथुराबाई ते खोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सकिनाबीनं तोंड खिडकीकडे केलं ते नळदुर्ग येईपर्यंत. बाहेरचे उघडे माळ तिला मथुराबाईंपेक्षा बरे वाटले.

तिच्या स्वतःच्या घरी एक इस्त्री होती. पितळेची, जाड बुडाची, झाकणाच्या खिटीवर छोटा कोंबडा असलेली. तिचा नवरा दादामियाँ निजामाच्या अमदानीत हैदराबादला शिंपीकाम शिकला आणि येताना ती घेऊन आला. सगळं नळदुर्ग तिला 'दादामियाँची इस्त्री' म्हणे. दादामियाँ जाऊन बरीच वर्षं झाली तरी नाव तेच राहिलं. खरं म्हणजे दादामियाँनं ती फारशी हातात धरलीच नव्हती. तो कापड कापायचा, मशीनवर बसायचा, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा. इस्त्री आतल्या खोलीत सकिनाबी फिरवायची, आणि आतल्या खोलीत काम करणाऱ्याला बाहेर कोण ओळखतं. "शिंपी म्हनून ठीक व्हता," ती नवऱ्याबद्दल म्हणे. "मानूस म्हनून त्याचं माप चुकलं व्हतं."

पण त्या इस्त्रीचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवत नसे. गावात रीतच पडून गेली होती. लग्न कुणाच्याही घरचं असो, नवरदेवाचे कपडे हळदीच्या आदल्या दिवशी ताटात घालून, वर सुपारी ठेवून दादामियाँच्या दारात यायचे. तिथली इस्त्री फिरल्याशिवाय ते नवरदेवाच्या अंगाला लागत नसत. "ह्या इस्त्रीनं कापड जाळल्यालं कुनी बघितलंय का?" असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, आणि कुणी बघितलेलं नव्हतं. गरीब बाईच्या गाठीला दागिना नसतो, शेत नसतं. तिच्या गाठीला एवढं एक वाक्य होतं.

नानासाहेबांनी ती इस्त्री संस्थेला मागून पाहिली होती. सकिनाबीनं साफ नाही म्हणून सांगितलं.

"सहकारात दिली की तिला बी कुनीतरी अध्यक्ष बसनार," ती म्हणाली. "माझ्या घरी हाय ती बरी हाय."

संस्थेचं काम चाले गावातल्या एका धान्याच्या गोदामात. धान्यच नव्हतं, त्यामुळं गोदाम मोकळंच होतं. भिंतीवर सहकाराच्या घोषणेची पाटी, तिच्याखाली नानासाहेबांचा हार घातलेला फोटो. जिवंतपणी स्वतःच्या फोटोला हार घालणारा माणूस सकिनाबीनं दुसरा पाहिला नव्हता. फोटोच्या खाली बायका मांड्या घालून बसत आणि सकिनाबी त्यांच्यामधून फिरत असे. कामावर देखरेख करायला तिला नेमलं होतं. तिला काही ते काम गोड वाटत नव्हतं. आयुष्यभर शेरवान्या आणि कोट हाताखालून गेलेल्या बाईनं म्हातारपणी वाकळी मोजायच्या, हे तिच्या मते नशिबानं केलेली थट्टा होती.

"हे टाके हायत का कोंबडीच्या पावलांच्या खुना?" ती एकीला म्हणे. "सरुबाई, वाकळ शिवतीस का पोतं?" ती दुसरीला म्हणे. बायका खाली मान घालून शिवत. ती पुढं गेली की गालातल्या गालात हसत. त्या सगळ्यांत एकीचाच धावदोरा सकिनाबीला खरोखर पटला होता. ती चांगुणा, बौद्धवाड्यातली. नवरा मच्छिंद्र पाझर तलावावर खडी फोडायचा. चांगुणाचा टाका बारीक, सरळ आणि वाकळीच्या दोन्ही अंगांनी सारखा. सकिनाबीनं तिला तसं कधी सांगितलं नाही. स्तुतीनं माणूस बिघडतं असं तिचं मत होतं, आणि आजवर तिनं या मतापायी कुणालाच बिघडू दिलं नव्हतं.

नमुन्याची वाकळ घातली त्या दिवशी सकिनाबीनं सगळ्यांना बजावलं. "ह्या वाकळीत घास ठिवायचा न्हाय. आधीच सांगती."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. वाकळीचं शेवटचं कोपरं शिवताना आत भाकरीचा तुकडा ठेवून मग तोंड बंद करायचं, ही त्या भागातली जुनी चाल. वाकळीचं पोट रिकामं राहू नये म्हणून. उपाशी वाकळ पांघरणाऱ्याला ऊब देत नाही, असं हिंदूंच्या घरी म्हणत, मुसलमानांच्या घरी म्हणत, बौद्धवाड्यातही म्हणत.

"पर चाची, पोट मोकळं ठिवून कसं शिवावं?" सरुबाईनं विचारलं.

"सरकारी वाकळीला कसलं आलंय पोट? तिच्यावर शिक्का बसनार हाय. आत मुंग्या लागल्या तर साहेब काय तुझ्या आईला सांगाय येनार? स्वतःच्या पोटाला रेशनच्या मिलोची भाकरी मिळायची मारामार, आनि चालल्या वाकळीला जेवाय घालाय." सकिनाबीनं सगळ्यांवरून नजर फिरवली. "अक्कल वाटत व्हते तवा तुमी समद्या पान्याला गेल्ता काय?"

चांगुणानं सुईवरची नजर वर केली नाही. सकिनाबीला वाटलं, हिला तरी कळलं.

साहेब यायचे त्या दिवशी गोदाम झाडूनपुसून घेतलं. मथुराबाई भरजरी लुगडं नेसून आल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं विजेच्या इस्त्रीची पिन भिंतीत खोचली. सगळ्या बायका भोवती जमल्या. बटन फिरवलं. इस्त्रीवरचा छोटा दिवा लागला, जरा मिणमिणला आणि तसाच मिणमिणत राहिला. वाकळ पुढं अंथरून मथुराबाईंनी ती चकचकीत इस्त्री वरून फिरवली. सुरकुत्या होत्या तिथंच राहिल्या.

"तापायला जरा वेळ लागतो," मथुराबाई म्हणाल्या.

सकिनाबी भिंतीला टेकून उभी होती. तिनं पुढं येऊन इस्त्रीच्या तळाला सरळ तळहात लावला आणि तिथंच ठेवला. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"लई तापली," सकिनाबी म्हणाली. "हिच्यावर मांजर झोपंल."

बाहेरून नानासाहेबांच्या माणसाचा निरोप आला, साहेबांची जीप तुळजापूरहून निघाली म्हणून. मथुराबाईंचा चेहरा उतरला. वाकळ चुरगळलेली दिसत होती, आणि शिवण कितीही चांगली असली तरी चुरगळलेल्या वाकळीकडे साहेब दुसऱ्यांदा बघणार नव्हते. सगळ्या बायका सकिनाबीकडे बघायला लागल्या. कुणीतरी आपल्याकडे अशा नजरेनं बघावं, याची ती सोलापूरहून आल्यापासून वाट पाहत होती. ती तडक घरी गेली आणि पितळेची इस्त्री घेऊन आली. बाभळीचे निखारे आत, वर कोंबड्याची खिटी. झाकणाच्या भोकांतून लालसर उजेड दिसत होता.

"सरका," ती म्हणाली. "आनि बघा. पुन्ना बघाय मिळायचं न्हाय."

मथुराबाई हार आणि ताट घेऊन बाहेर दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. हे बघायला थांबण्यापेक्षा साहेबांची वाट बघणं त्यांना सोयीचं होतं.

सकिनाबीनं वाकळीवर पाणी शिंपडलं आणि इस्त्री फिरवायला सुरुवात केली. ती घाई करत नव्हती. एका बाजूनं दाबून नेत होती, उचलत होती, पुढच्या पट्टीवर ठेवत होती. गिरणीचे ते चुरगळलेले तुकडे तिच्या हाताखाली सपाट होत गेले, निळा, पिवळा, फुलाफुलांचा. बायका माना पुढं काढून बघत राहिल्या. सकिनाबीचा राग, टोमणे, सगळं त्या वेळी कुठं गेलं कोण जाणे. काम करताना ती जवळजवळ सुखी दिसत होती.

राहिलं शेवटचं कोपरं. ते पांढऱ्या मांजरपाटाचं होतं. तिनं इस्त्री त्यावर ठेवली, पुढं नेली, आणि तिच्या नाकाला वास आला. आधी गोड, मग तेलकट. तिनं इस्त्री उचलली. पांढऱ्या कापडावर तपकिरी डाग पसरत होता. मध्ये गडद, कडेला तेलाची रेघ. तिनं बोट लावलं. बोट चिकटलं.

सुकडी होती. खडीच्या कामावर दुपारी वाटतात ती, पिठाची, तेलाची आणि गुळाची वडी. त्या वर्षी नळदुर्गात गूळ आणि तेल असलेलं खायला दुसरं काही उरलंच नव्हतं, त्यामुळं ओळखायला वेळ लागला नाही. ती सुकडी कामावरच खायची, घरी न्यायची नाही, असा सक्त हुकूम होता.

ते कोपरं कुणी शिवलं होतं हे विचारायची गरज नव्हती. तसा टाका त्या गोदामात एकीचाच होता. सकिनाबीनं मान वर केली. चांगुणा उभी होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

"तुला काय सांगितलं व्हतं म्या?"

"पोरं झोपनार हायती हिच्याखाली, चाची," चांगुणा हळू म्हणाली. "परक्या गावात, आईबिगर. उपाशी वाकळ कशी द्यावी वाटंल? घरात भाकरी नव्हती. ह्यांनी लेकरासाठनं धोतरात लपवून आनली व्हती, त्यातली चिमूटभर घातली."

बाहेर जीपचा आवाज आला. मग नानासाहेबांचा मोठा आवाज, या साहेब, या.

सकिनाबीला पुढचं सगळं दिसलं. हा डाग बघून साहेब विचारणार. नानासाहेब भाषण करणार. सरकारी सुकडी पळवून वाकळीत कोंबली, हे त्यांना भाषणाला आयतंच सापडणार. चांगुणाचं नाव संस्थेतून जाणार, मच्छिंद्रचं कामावरून जाणार, आणि चोरांची संस्था म्हणून साहेब शिवण न बघताच परत जाणार. एक चिमूट सुकडी, आणि तीही स्वतःच्या लेकराच्या तोंडची. इतका मूर्खपणा सकिनाबीनं आयुष्यात पाहिला नव्हता. तिला चांगुणाच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या आणि त्याच वेळी तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. या दुसऱ्या गोष्टीचा तिला जास्त राग आला.

तिनं इस्त्री पुन्हा त्या डागावर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबली.

"चाची, जळंल की," सरुबाई म्हणाली.

"गप बसा."

कापड कधी तापतं, कधी पिवळं पडतं आणि कधी हातचं जातं, हे तिला डोळे मिटूनही कळत होतं. आयुष्यभर तिनं इस्त्री त्याच्या एक क्षण आधी उचलली होती. आज ती उचलत नव्हती. धूर आला. गोड वास बुडाला आणि जळक्या सुताचा वास गोदामभर झाला. बायका दोन पावलं मागं सरल्या. चांगुणा रडायला लागली तेव्हा सकिनाबीनं तिच्याकडे असं बघितलं की तिनं पदर तोंडात कोंबला. दारात पावलं वाजली तेव्हाच सकिनाबीनं इस्त्री उचलली. पांढऱ्या कोपऱ्यावर इस्त्रीच्या आकाराचा काळा ठसा उमटला होता. आत काय होतं ते आता कुणाच्या बापाला सांगता आलं नसतं.

साहेब आत आले. तरुण होते, रुमालानं घाम पुसत होते. त्यांनी वाकळीकडे बघितलं आणि नाक मुरडलं. "हे काय? हा नमुना आहे?"

नानासाहेबांचा चेहरा लाल झाला. "सकिनाबी, कुणाचं काम हे? नाव सांगा. आत्ताच्या आत्ता हाकलतो."

"कुनाचं न्हाय," सकिनाबी म्हणाली. "इस्त्रीनं जाळलं."

"इस्त्री आपोआप जाळती व्हय?"

"जुनी झाली. बूड एकाच जाग्याला तापतंय." तिचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. "भरोशाची न्हाय राहिली."

तिच्या तोंडून हे ऐकायला मिळेल असं त्या बायकांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. मथुराबाईंना मात्र ते अमृतासारखं लागलं. "मी सोलापुरातच म्हणाले होते साहेब, कोळशाची नको. संस्थेनं विजेची घेतली आहे. पण ही जुनी माणसं. आपलंच खरं करतात."

साहेबांनी वाकळ हातात घेतली. जळकं कोपरं सोडून बाकीची वाकळ त्यांनी उलटसुलट करून बघितली. टाक्यांवरून बोट फिरवलं. कुठं फुगा नव्हता, कुठं दोरा सुटला नव्हता. "शिवण चांगली आहे," ते म्हणाले. "कोपरं कापून दुसरं लावा. आणि ती इस्त्री पुन्हा वापरायची नाही. अडाणीपणानं माल खराब व्हायला नको." मग त्यांनी नानासाहेबांच्या फोटोकडे बघितलं, नानासाहेबांकडे बघितलं, आणि चहा घ्यायला बाहेर गेले. काम मंजूर झालं होतं.

सगळे बाहेर पडल्यावर सकिनाबीनं इस्त्रीतले निखारे दाराबाहेर ओतले आणि त्यावर वाळू लोटली. बायका अजून तशाच उभ्या होत्या. चांगुणा तिच्या पायाशी वाकायला आली, तशी तिनं पाय मागं घेतले.

"नाटकं नगं. काम मिळालं न्हवं? बसा कामाला." मग जरा थांबून ती म्हणाली, "आनि ऐका. उद्यापास्नं आधी इस्त्री, मग घास. शेवटचं कोपरं उगडं ठिवायचं. इस्त्री फिरवून गार झालं की काय घालायचं ते घाला आनि शिवा. भाकरी घाला, वाळल्याली. ती मिळाली न्हाय तर ज्वारीचा एक दाना घाला. गूळतेल न्हाय. येवढं तरी डोस्क्यात राहील का, का ते बी जळालं?"

बायकांनी माना हलवल्या. वसतिगृहाच्या एकूण एक वाकळी त्यानंतर तशाच शिवल्या गेल्या, आणि त्यांचं पोट भरलेलं आहे हे साहेबांना कधी कळलं नाही. इस्त्रीचं काम विजेला जोर असे तेवढ्या वेळात उरकायचं ठरलं, म्हणजे पहाटे, मथुराबाईंच्या घरी. त्याही कामाला सकिनाबीच जाई. ती चकचकीत इस्त्री हातात धरताना तिचा चेहरा, कुणी परक्याचं उष्टं ताट धरावं तसा होई.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. मथुराबाई ती ज्याला त्याला सांगत होत्या. दादामियाँची इस्त्री कापड जाळणारी निघाली, खुद्द सकिनाबीनं साहेबांपुढं कबूल केलं. गाव ते ऐकून खूष झालं. इतकी वर्षं त्या बाईचे टोमणे ऐकलेले, कधीतरी तिचं नाक खाली झालं याचं लोकांना बरं वाटणारच. खरं काय ते बायकांना ठाऊक होतं, पण ते बोललं तर मच्छिंद्रचं काम जाणार होतं. म्हणून त्या गप्प राहिल्या, आणि गप्पच राहायला हव्या होत्या. सकिनाबीला त्यांच्याकडून दुसरं काही नको होतं. तरीही बाजारातून जाताना मागून कुणी "भरोशाची न्हाय" म्हणून हसलं की तिची पावलं जरा जोरात पडत.

दुष्काळात लग्नं कमी होतात, पण थांबत नाहीत. वैशाखात हरिबाच्या थोरल्या पोराचं लग्न निघालं. हरिबाचं घर सकिनाबीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्याच्या स्वतःच्या लग्नातला कोट तिनंच इस्त्री केला होता. हळदीच्या आदल्या दिवशी सकिनाबीनं उगाचच अंगण झाडलं, कोळसे काढून ठेवले आणि दारात तांदूळ निवडत बसली. निवडायला तांदूळ मूठभरच होते, ते तिनं पुन्हा पुन्हा निवडले. दुपार कलताना हरिबाचा भाऊ ताट घेऊन आला. ताटात कपडे होते, वर सुपारी होती. तिच्या दारापुढून जाताना त्यानं मान खाली घातली आणि तो तसाच मोटारस्टँडकडे, नव्या लाँड्रीकडे गेला.

सकिनाबी त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग आत जाऊन तिनं कोळसे टोपलीत परत टाकले. लग्नाच्या दिवशी वरात दारावरून गेली तेव्हा तिनं नवरदेवाला बघून घेतलं. बाहीवर दोन घड्या पडल्या होत्या आणि कॉलरचं एक टोक वर उठलं होतं. असल्या कपड्यात माणूस बोहल्यावर चढतो आणि कुणाला दिसत नाही. तिला सगळ्या गावाची घृणा वाटली. ती आत जाऊन पडून राहिली आणि डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दिवस मावळायच्या आत, दारात कुणाची तरी सावली पडली. चांगुणा होती. हातात जुन्या फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं.

"काय गं? काम चुकवून आलीस?"

"न्हाय चाची, समदं उरकून आले." ती उंबऱ्याशी बसली आणि तिनं गाठोडं सोडलं. आत पांढरं लुगडं होतं. एकच असावं, कारण ते नीट जपलेलं होतं आणि घड्या घालून घालून जागोजागी चुरगळलं होतं. "उद्या बुद्धजयंती हाय. ह्याच्यावर इस्त्री फिरवा म्हनून आले."

सकिनाबीनं लुगड्याला हात लावला नाही. "मोटारस्टँडला लाँड्री हाय."

"मला हितं फिरवून पायजे."

"गाव काय म्हनतंय ते ऐकलं न्हाईस? पांढरं हाय ते. डाग पडंल."

"पडू द्या," चांगुणा म्हणाली.

सकिनाबीनं उठून कोनाड्यातली पितळेची इस्त्री खाली काढली. कोंबड्याची खिटी उघडली, आतली राख झटकली, टोपलीतले कोळसे भरले आणि चुलीतला एक निखारा वर ठेवला. मग लुगडं उचलून उजेडाकडे धरलं.

"पदराची घडी उलटी घातलीस," ती म्हणाली. "येवढी शिवती, आनि घडी घालाय येत न्हाय. काय शिकवलं तुझ्या आईनं? बस तितं. वारा घाल."

चांगुणानं सूप घेतलं आणि ती इस्त्रीला वारा घालू लागली. भोकांतून कोळसा लाल दिसू लागला. सकिनाबीनं ओलं बोट तळाला टेकवलं, ते चर्र वाजलं. एकदा पदरानं तळ स्वच्छ पुसून तिनं इस्त्री पांढऱ्या लुगड्यावर ठेवली.